एजंटची सनद

ऐंशीच्या दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये जागेचा एजंट ओळखायचा असेल तर त्याच्या बगलेतली डायरी बघायची. कुठल्या तरी औषध कंपनीनं वाटलेली, बहुधा मागच्याच्या मागच्या वर्षाची, पानं सुटू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून आवळलेली. आत बॉलपेननं बारीक अक्षरांत नोंदी असायच्या. चिंचवडगाव, दोन खोल्या, नळ बाहेर, मालक वर राहतो, बॅचलर नको. काळेवाडी, अर्धा गुंठा, सातबारा भावाच्या नावे, रस्ता तोंडी. रस्ता तोंडी म्हणजे नकाशात रस्ता नाही, पण शेजारच्या शेतकऱ्यानं ‘जाऊ देईन की’ म्हटलंय. अशा ‘जाऊ देईन की’वर या शहरातल्या कितीतरी गल्ल्या उभ्या आहेत.

एजंटचं ऑफिस म्हणजे चहाची टपरी, नाहीतर ओळखीच्या लाँड्रीबाहेर टाकलेली लोखंडी खुर्ची. फार झालं तर पत्र्याची पाटी: ‘येथे जागा, खोली, प्लॉट मिळेल’. हा धंदा करायची परवानगी त्याला दिली कोणी, असा प्रश्न कोणाच्या डोक्यात यायचा नाही. रिक्षावाल्याला बॅज लागायचा, रॉकेलवाल्याला परवाना लागायचा, स्टॅम्पपेपर विकणाऱ्यालाही परवाना लागायचा. ज्या जागेसाठी तो स्टॅम्पपेपर घ्यायचा, ती जागा दाखवणाऱ्याला मात्र काहीच लागायचं नाही.

याचं एक कारण असं की एजंटची गरजच तेव्हा बेताची होती. हे गाव कारखान्यांनी वसवलं. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि भोसरीतली असंख्य लहान वर्कशॉपं. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. मधल्या 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीकडच्या माळावर सेक्टर आखले गेले. घर हवं असलेला कामगार प्राधिकरणाचा अर्ज भरायचा, सोडतीची वाट बघायचा आणि नंबर लागला की 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्लॉट किंवा घर घ्यायचा. सोडतीत एजंटचं काम नव्हतं. तो उरला भाड्याच्या खोल्यांपुरता आणि गावठाणालगतच्या गुंठ्यांपुरता. त्यामुळे एजंटगिरी हा बहुतेकांचा जोडधंदा होता. कोणी एलआयसीचा एजंट असायचा, कोणाचं किराणा दुकान असायचं, कोणी सेकंड शिफ्ट करून सकाळी जागा दाखवायला मोकळा व्हायचा.

त्याची पारख गाव करायचं. कोणाचा पोरगा, कोणत्या आळीतला, उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब नीट देतो का, एवढी चौकशी झाली की झालं. इसार द्यायच्या दिवशी खरेदी घेणारा आपल्या मामाला बरोबर आणायचा, विकणारा थोरल्या भावाला, आणि एजंट मधे बसायचा. नोटा आधी एजंट मोजायचा, मग विकणारा, मग पुन्हा एजंट. इसारपावतीवर साक्षीदार म्हणून त्याचीच सही असायची. पुढे खरेदीखताला खेडच्या नाहीतर हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे सगळे जमायचे तेव्हाही तो हजर. आंगठा उठवून झाला की शाई पुसायला चिंधी पुढे करणारा माणूसही तोच. व्यवहार फिसकटला तर तोंड लपवून जाणार कुठे? संध्याकाळी त्याच टपरीवर यायचं असायचं.

हे सगळं आठवून गहिवरायचं तर गहिवरता येतं, पण मला ते पूर्ण जमत नाही. कारण नेमक्या याच पद्धतीनं या शहरातल्या हजारो कामगारांची पुरती फजिती झाली. वाल्हेकरवाडी, काळेवाडी, थेरगाव, रहाटणी इथे प्राधिकरणाच्या संपादनातल्या किंवा आरक्षणातल्या जमिनी अर्ध्या-एक गुंठ्याच्या तुकड्यांनी विकल्या गेल्या. जमीनमालकाचीही बाजू होती: जमीन गेली आणि साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी पिढी सरली, तेव्हा त्यानं आहे ते विकलं. मधला एजंट म्हणाला, ‘सगळे घेतायत, उद्या सगळं रेग्युलर होतंय.’ घेणाऱ्यानं सोसायटीचं कर्ज काढून विटा-पत्रा उभा केला. त्याच्या नशिबी पुढे नोटिसा आल्या, मिळकतकराच्या जोडीला अनधिकृत बांधकामाचा शास्तीकर आला, आणि 2017 साली रिंगरोडच्या आखणीत घर जाणार म्हणून रस्त्यावर उतरावं लागलं. शास्तीकर माफ व्हायला 2023 उजाडलं. ‘उद्या’ म्हणणारा एजंट तोवर एक तर वारला होता किंवा नगरसेवकाच्या मागे फिरत होता. आळीची पारख माणसाची नियत सांगायची, पण आरक्षणाचा नकाशा त्या माणसाला वाचता येतो की नाही हे आळीला कसं कळणार? बऱ्याच जणांना तो वाचता येत नव्हता. त्यांनी फसवलं असंही म्हणवत नाही. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तसा सदनिकांच्या विक्रीसाठी 1963 चा मोफा कायदा होता. त्यात बिल्डरला करारनामा केल्याशिवाय 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला मनाई होती, कागदपत्रं दाखवायची सक्ती होती. एजंट हा इसम त्या कायद्याला दिसलाच नाही.

मग वेग आला. 1997 साली आजूबाजूची गावं महापालिकेत आली, हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, नव्वदच्या अखेरीस बजाजनं चाकणला कारखाना काढला आणि दहाएक वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांची रांग लागली. कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या किल्ल्यासाठी ठाऊक असलेलं चाकण एकाएकी गुंठ्याच्या भावासाठी ठाऊक झालं. गुंठामंत्री ही पदवी याच काळात महाराष्ट्राला मिळाली आणि तिचे सर्वांत मोठे मानकरी आमच्याच पट्ट्यात होते. एजंटच्या बगलेतली डायरी गेली, बोलेरो आली. मागच्या सीटवर झेरॉक्सचे गठ्ठे: सातबारा, आठ-अ, फेरफार, झोन दाखला. गिऱ्हाईक आता आळीतलं राहिलं नाही. लातूरचा फिटर, बीडचा सुपरवायझर, बिहारचा वेल्डर, आंध्रातली इंजिनिअर मुलगी. त्यांना मामा आणता येत नव्हता. इथे आळीची पारख संपली आणि तिच्या जागी दुसरं काही आलंही नाही. पंधरा-वीस वर्षं एजंट निव्वळ मोकाट होता, हे या धंद्यातले जुने लोकच कबूल करतात.

आता ‘आता’कडे. स्थावर संपदेचा केंद्रीय कायदा, म्हणजे आपला रेरा, 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात पहिल्यांदा एजंटला कायद्यात खुर्ची मिळाली. कलम 9 म्हणतं, नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मध्यस्थी करायची तर आधी स्वतःची नोंदणी कर. कलम 10 सांगतं, हिशेबाच्या वह्या ठेव, खोटं बोलू नको, बुकिंगच्या वेळी कागदपत्रं गिऱ्हाइकाच्या हाती दे. नोंदणी नसेल तर कलम 62: दिवसाला 10 हजार दंड, चढत चढत त्या जागेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्राच्या नियमांनी एकट्या माणसाला 10 हजार रुपये फी लावली आणि पाच वर्षांची मुदत दिली. नोंदणीला लागायचं काय? पॅन, फोटो, पत्ता, प्राप्तिकराचे कागद. पॅन कार्ड असलेला कोणीही माणूस एजंट होऊ शकत होता. डायरीवाल्या काळाशी तुलना करता फरक एवढाच की माणूस कुठे राहतो हे आता सरकारला कळत होतं. आळीला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

10 जानेवारी 2023 ला रेराच्या राज्यातल्या नियामकानं, म्हणजे महारेरानं, आदेश काढला: एजंटनं 20 तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं, तरच नवी नोंदणी किंवा नूतनीकरण. आधीच नोंदणी झालेल्यांनाही सूट नाही. त्यांची मुदत पुढे 1 जानेवारी 2024 पर्यंत वाढली. परीक्षा कोण घेणार? आयबीपीएस. बँकेच्या क्लार्कची परीक्षा घेते ती. पिंपरीतल्या ज्या एजंटांनी दहावीनंतर कधी पेपरला हात लावला नव्हता, ते संगणकासमोर बसून बहुपर्यायी प्रश्नांवर टिचक्या मारू लागले. साठी ओलांडलेले गृहस्थ कार्पेट एरियाची व्याख्या पाठ करताना मी पाहिलेत. ‘भिंतीच्या आतलं धरायचं, बाल्कनी सोडायची, आतली पार्टिशनची भिंत मात्र धरायची,’ असं बोटांवर मोजत ते टपरीवर घोकत होते. तीस वर्षं बिल्टअप आणि सुपर बिल्टअपवर कमिशन खाल्लेल्या माणसाला हे घोकावं लागणं यात काव्यात्म न्याय नक्की होता.

खूप जण परीक्षेकडे फिरकलेच नाहीत. 2024 च्या मे महिन्यात महारेरानं राज्यातल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. आकडा छोटा नाही. आणि इथेच टपरीवर तो प्रश्न पहिल्यांदा आला, जो डायरीच्या काळात कोणाला सुचला नव्हता: परीक्षा लावायचा यांना अधिकार काय?

प्रश्न चावट वाटतो, पण तो कायद्याचा आहे आणि सोपा नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19 नं प्रत्येक नागरिकाला धंदा करायचा हक्क दिलाय. त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडात म्हटलंय की एखाद्या व्यवसायासाठी लागणारी व्यावसायिक किंवा तांत्रिक अर्हता ठरवणारा कायदा राज्य करू शकतं. म्हणजे अर्हता ठरवता येते, याबद्दल वाद नाही. पण ती कायद्यानं ठरवायची. कोण्या अधिकाऱ्याच्या नुसत्या पत्रानं नाही. आता रेराचं कलम 9 उघडा. नोंदणी कोणत्या अटींवर द्यायची, हे नियमांनी विहित करायचं, आणि नियम करायचं काम कलम 84 नं राज्य सरकारला दिलंय. महाराष्ट्राच्या 2017 च्या मूळ नियमांत एजंटच्या परीक्षेची अट नव्हती. महारेराची बाजू उभी राहते कलम 37 वर: आपली कामं पार पाडण्यासाठी ती बिल्डरला, घर घेणाऱ्याला आणि एजंटला निर्देश देऊ शकते आणि ते बंधनकारक असतात. कलम 85 नुसार तिला स्वतःचे विनियमही करता येतात, पण ते कायद्याशी आणि सरकारच्या नियमांशी सुसंगत हवेत.

मग परीक्षा म्हणजे धंदा कसा करावा याचा निर्देश, की धंद्यात शिरण्याची अट? महारेरा म्हणेल पहिलं. कोर्टात उभा राहणारा एजंट म्हणेल दुसरं, आणि ‘अटी सरकारनं घालायच्या, तुम्ही नाही’ असं वर पुस्ती जोडेल. माझं मत विचाराल तर परीक्षा हवीच होती, वीस वर्षं उशिरा आली. पण ती मंत्रालयातून नियमांत दोन ओळी घालून आली असती तर कोणाला बोलायला जागा राहिली नसती. घाईत वरची पायरी गाठायला मधली पायरी सोडली, असं माझं म्हणणं आहे.

आणि हा काथ्याकूट आहे असं चाकणच्या एजंटला तरी कोणी सांगू नये. त्यानं असला प्रसंग आपल्या पोटावर झेललाय. नोंदणी महानिरीक्षकांनी 12 जुलै 2021 ला परिपत्रक काढलं की तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचं खरेदीखत परवानगीशिवाय नोंदवू नका. खेड तालुक्यात एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार एका रात्रीत थांबले. दुय्यम निबंधकाच्या दारातली झेरॉक्सवाली पोरं माशा मारत बसली. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं: मूळ कायद्यात नाही ते परिपत्रकानं आणता येत नाही. सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो वेगळा अध्याय. पण कायदा, नियम आणि परिपत्रक यांची उतरंड काय असते हे त्या महिन्यांनी आमच्या पट्ट्यातल्या माणसाला कोणत्याही 20 तासांच्या वर्गापेक्षा चांगलं शिकवलं.

इतरांनी हे कसं केलं बघा. एलआयसीचा एजंट, जो आमच्याकडे बऱ्याचदा जागेचाही एजंट असायचा, त्याला विमा नियामक आल्यावर परीक्षा लागली. म्युच्युअल फंड विकणाऱ्यालाही लागली. विम्यात तरी पाठीशी कायदा आणि त्याखालचे विनियम आधी होते, पेपर नंतर. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं 1917 साली जागेच्या एजंटसाठी परवान्याचा कायदा केला, तर तिथल्या न्यायालयानं तो मोडीत काढला. राज्यानं दुरुस्त करून 1919 साली पुन्हा केला आणि तो टिकला. म्हणजे पहिला फटका सगळ्यांना बसतो. हरियाणानं 2008 सालीच प्रॉपर्टी डीलरसाठी वेगळा कायदा केला होता. महाराष्ट्र या बाबतीत मागेच होता.

आजचा एजंट वाकड-रावेत-पुनावळ्यात भेटतो. टपरीवर नाही, प्रकल्पाच्या एसी सेल्स ऑफिसमध्ये, आणि त्याला आता चॅनल पार्टनर म्हणतात, लाडानं ‘सीपी’. गळ्यात लेस, व्हिजिटिंग कार्डावर ‘ए’नं सुरू होणारा महारेरा नंबर, जाहिरातीवर प्रकल्पाचा क्यूआर कोड. मोबाइलवर स्कॅन केलं की मंजूर नकाशा, ताबा कधी, कोर्टात दावा आहे का, सगळं समोर. ऐंशीच्या दशकात यातली एक गोष्ट मिळवायला महापालिकेत तीन टेबलं फिरावी लागली असती, आणि तरी ‘साहेब साइटवर गेलेत’ ऐकावं लागलं असतं. हे सुधारलंय, आणि खूप सुधारलंय. कुरबुर एवढीच की हा परीक्षा पास झालेला, गुळगुळीत दाढीचा पोरगा सहा महिन्यांनी फोन उचलत नाही. तो आता खराडीला दुसऱ्या बिल्डरचं मांडत असतो. डायरीवाला माणूस ताबा घेताना नळाला पाणी येतं का बघायला यायचा, कारण वास्तुशांतीच्या जेवणाचं आमंत्रण त्याला असायचंच. कलम 10 मध्ये वास्तुशांतीची तरतूद नाही, आणि नसावीही.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कलम 9 पुन्हा वाचा. नोंदणी लागते ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. आणि प्रकल्पाला नोंदणी लागत नाही जर जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठाहून जास्त नसतील. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासं कमी. जुना फ्लॅट दुसऱ्याला विकायचा, खोली भाड्यानं द्यायची, शेतजमीन घ्यायची, दहा-अकरा जणांनी मिळून सामाईक खरेदीखत करून आत आपापला तुकडा खुणेच्या दगडांनी वाटून घ्यायचा, यातल्या कशालाच परीक्षा पास झालेला एजंट लागत नाही. ताथवड्यातला तिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याचा नकाशा, बँक खातं, आर्किटेक्टचा दाखला सगळं आधीच वेबसाइटवर आहे, तो दाखवायला प्रमाणपत्र हवं. चाकण-शिक्रापूर रस्त्यालगतचा गुंठा, ज्याचा रस्ता अजूनही तोंडी आहे, तो दाखवायला मोटारसायकल पुरते. काळेवाडीच्या कामगाराचं जे झालं ते आज जिथे होऊ शकतं, नेमकी तीच जागा परीक्षेच्या बाहेर राहिली. आणि हे महारेराच्या हातातलंही नाही, कारण कायद्याचीच वेस तिथे संपते. तिथे अधिकार हवा असेल तर तो विधिमंडळानं नाहीतर संसदेनं द्यायचा.

रविवारी सकाळी आंबेठाण चौकाच्या आसपास गेलात तर फ्लेक्स दिसतील: ‘एमआयडीसीपासून पाच मिनिटं, सुलभ हप्ते, ताबडतोब खरेदीखत’. खाली दोन मोबाइल नंबर, महारेराचा एकही नाही. एका पोराला मी विचारलं, परीक्षा दिलीस का? तो म्हणाला, ‘काका, ती फ्लॅटवाल्यांना. फ्लॅट पाहिजे असंल तर मोशीला माझा दाजी हाय, पास झालेला, त्याचा नंबर देतो. गुंठा बघायचा असंल तर बसा मागं, पाऊस यायच्या आत जाऊन येऊ.’